नॉक सेन्सर : फिर्याद आणि तपास

इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०३२५ किंवा पी०३२७ हा कोड दाखविला, की नॉक सेन्सर काढून नवा बसवावयाचा, अशी जी वहिवाट अनेक गॅरेजांत पडली आहे, ती मला सर्वथैव अनुचित वाटते. कारण कोड ही केवळ फिर्याद असते, आणि तिच्या तपासात दोषी म्हणून त्या सेन्सरची तार, तिचे कपलर किंवा प्रत्यक्ष इंजिनही निघू शकते.

ठिणगीपासून निघालेली ज्वाला सिलिंडरात क्रमाक्रमाने पसरावी, हा पेट्रोल इंजिनाचा धर्म. परंतु इंधनाचा ऑक्टेन अंक अपुरा असला, इंजिन अतिशय तापले किंवा ठिणगी फार आधी पडली, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते, दाबाच्या लहरी भिंतींवर आदळतात, आणि घाट चढताना ऐकू येणारा टणटण आवाज, म्हणजेच ‘नॉक’, उमटतो. सामान्य मोटारीत या लहरींची कंपनसंख्या सेकंदाला सहा-सात हजारांच्या आसपास असते. ब्लॉकवर आवळलेल्या सेन्सरातील सिरॅमिक या कंपनांबरहुकूम सूक्ष्म विद्युद्दाब निर्माण करते (स्फटिकांचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली उजेडात आणला), आणि तेवढ्या इशाऱ्यावर इंजिनाचा संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. ही खबर येईनाशी झाली, की सावधगिरी म्हणून तो सहसा ठिणगी मागेच ठेवतो. पिकअप जाते, अॅव्हरेज घटते.

तपास तारेपासून आरंभावा. सेन्सरचा संदेश इतका क्षीण असतो, की बहुधा तारेभोवती धातूच्या जाळीचे आवरण द्यावे लागते. ते उंदरांनी कुरतडले किंवा कपलरात पाणी शिरून पिना हिरवट पडल्या, तर निर्दोष सेन्सरही मुका होतो. जनरल मोटर्सच्या एके काळच्या ५.३ लिटर व्ही-आठ इंजिनांत दोन्ही सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखालच्या खळग्यात असत; तेथे पाणी झिरपून ते गंजत. अशा ठिकाणी दोष सेन्सरचाच खरा, पण पाण्याची वाट बुजविल्यावाचून नवा बसविणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तजवीज करणे होय.

तार निर्दोष ठरल्यावर सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजावा. मात्र अपेक्षित आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलातूनच घ्यावा, कारण काही सेन्सरांत आतच रोधक बसविलेला असून ते लाख-दोन लाख ओहम दाखवितात, तर काही दहा लाखांहून अधिक, आणि हा भेद न जाणल्याने चांगले सेन्सर भंगारात जातात. याहून विश्वसनीय पुरावा ऑसिलोस्कोपचा: सेन्सरच्या शेजारी ब्लॉकवर, सेन्सरवर कदापि नव्हे, लहान पान्याने हलकेच ठोकावे आणि पडद्यावर लहर उठते का ते पाहावे. चालू इंजिनावर ठोकून टायमिंग मागे येते का, हे स्कॅनरवर पाहण्याचीही रीत आहे. परंतु पुष्कळ संगणक ठिणगीनंतरच्या ठराविक क्षणीच सेन्सरचे ऐकतात, म्हणून टायमिंग हलले नाही एवढ्यावरून सेन्सरला दोषी ठरवू नये.

उलटपक्षी, सेन्सर ठणठणीत असून टायमिंग वारंवार मागे येत असेल, तर सिलिंडरातील कार्बन, झिजलेले बेअरिंग किंवा ढिला ब्रॅकेट शोधावा. नवा सेन्सरही तीच जबानी देईल. बदलणे अपरिहार्यच ठरले, तर ब्लॉकवरची बैठक गंज व रंग काढून स्वच्छ करावी, आपल्या मनाने वॉशर घालू नये, आणि बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळावा. पुष्कळ सेन्सरांना सुमारे २० न्यूटन-मीटर लागतात. ढिला राहिला किंवा फाजील आवळला, तरी सेन्सरची संवेदनक्षमता बदलते आणि तोच कोड पुन्हा येतो.