संमती आईची, बोट मुलीचे

बिहारमधील एका शेतमजुराच्या घरी मी बसलो होतो. घरात एकच स्मार्टफोन. रेशनचे काम, बँकेचा संदेश, सुरतला कामाला गेलेल्या थोरल्याचा व्हिडिओ कॉल, सारे तेरा वर्षांची धाकटी मुलगीच पाहत होती. ओटीपी आला, तिने अंक टाकले. निरक्षर आईने फक्त मान डोलावली.

2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले असून, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरवली आहे. हेतू रास्तच, परंतु येथे गृहीत धरलेला पालक तंत्रज्ञानात मुलाहून जाणता आहे. या घरात आईची संमतीही मुलगीच नोंदवील.

फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. त्याच पडद्यावर ती माउली दूरच्या लेकाचा चेहरा पाहते. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण जिला वाचताच येत नाही, तिला ती ऐकू यायला हवी, आणि शाळेच्या पालकसभेत कोणीतरी समजावूनही सांगायला हवी. अन्यथा ज्या बालकाचे रक्षण करायचे, त्याच्याच खांद्यावर रक्षणाचा भार पडेल.