जमिनीखालचे काम आणि कारागिराची मजुरी

आम्ही कापडवाले. ताग्याची वरची घडी पाहून माल घेणारा एकदाच फसतो, पुढच्या वेळी आतल्या घड्या उलटून पाहतो. नळकामात मात्र आतली घडी जमिनीखाली असते, आणि खराब निघाली तर कारागिराची अखेरची रक्कम बुडते. लोणावळा, कर्जत, अलिबागकडच्या बंगल्यांत पोहण्याच्या तलावांची कामे घेणाऱ्या आमच्या बांधवांसाठी हे चार शब्द.

तलावाच्या वाळूच्या फिल्टरमध्ये मळ साचला की दाबाचा काटा चढतो. नेहमीपेक्षा अर्धा किलो वाढला की पाणी उलटे फिरवून वाळू धुवावी लागते, यालाच बॅकवॉश म्हणतात. 600 मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरमधून मिनिटाला सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी सुटते, म्हणजे तीन मिनिटांत सुमारे सातशे लिटर. ते न्यायचे कोठे, हा विचार अंदाजपत्रकात सर्वांत शेवटी येतो.

बरेच जण पाइप सेप्टिक टँकला जोडून मोकळे होतात. हे कधीही करू नये. क्लोरीनने टाकीतले मळ कुजवणारे जंतू मरतात आणि पाण्याच्या लोंढ्याने खालचा गाळ बाहेर पडतो. मग मालकाने पैसे अडवले तर तक्रार कोणाकडे करणार?

व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा लहान पाइप लावू नये. व्हॉल्व्हचा पाइप चेंबरवर मोकळा सोडावा, मध्ये हवेची फट राहावी, म्हणजे घाण पाणी मागे फिरत नाही. पुढे 110 मिलिमीटरची लाइन. मीटरला एक सेंटिमीटर ढाळ हवा, वीस मीटरला वीस सेंटिमीटर. ढाळ नजरेने नव्हे, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तपासावा. वळणावर एका काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड बरे. पाइपाखाली वाळू अंथरावी, वर 60 सेंटिमीटर माती यावी, मोटार जाते तेथे 90. लोणावळ्याच्या काळ्या पाषाणात चर खोदणे म्हणजे वेगळाच खर्च, तेव्हा दगड फोडण्याचा दर आधीच कागदावर लिहून घ्यावा. तोंडी सौद्यात भांडण याच जागी होते.

शोषखड्डा करायचा तर जमीन पाहावी. जांभ्यात पाणी मुरते, काळ्या चिकणमातीत तुंबते. दगडगोट्यांनी भरलेल्या खड्ड्यात पाण्याला जागा फार तर 35 ते 40 टक्के उरते, म्हणून सातशे लिटरसाठी दोन घनमीटरचा खड्डा लागतो. विहिरीजवळ तो नकोच. जमीन पाणी घेत नसेल तर परवानगी काढून गटाराला जोडावे.

चर बुजवण्यापूर्वी मालकाला उभे करून पूर्ण बॅकवॉश चालवावा. पंप बंद केल्याशिवाय व्हॉल्व्हचा दांडा फिरवू नये, हे त्याच्या माळ्यालाही दाखवावे. उघड्या लाइनीचे मोबाईलवर फोटो घ्यावेत, भिंतीपासूनची मापे वहीत लिहून मालकाची सही घ्यावी आणि खोदाईचा हप्ता त्याच दिवशी मागावा.