आधी ओळख, मग पाणी : घरातील स्फटिक-अलंकारांची निगा

जैन कुटुंबातील दागिन्यांच्या डबीत सोन्या-चांदीच्या शेजारी एक वस्तू हमखास आढळते, ती म्हणजे स्फटिकाची नवकरवाळी. तिचे १०८ मणी पंचपरमेष्ठींच्या गुणांचे स्मरण करून देतात : अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. नगरच्या आनंदधामापासून पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीपर्यंत, जेथे जेथे श्रावक-श्राविका जपाला बसतात, तेथे ही माळ पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात जात आली आहे. सासूने सुनेच्या ओंजळीत ठेवलेल्या माळेचे मोल तराजूत होत नाही.

अलीकडे त्या डबीत नवे सोबती आले आहेत. जांभळ्या अमेथिस्टचे लटकन, गुलाबी स्फटिकाचे ब्रेसलेट, हिरवट अपोफिलाइटची अंगठी. त्यांच्यासोबत ‘शुद्धीकरणा’चे सल्लेही घरोघरी पोहोचले आहेत. खडे रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, दिवसभर कडक उन्हात वाळवा, टूथपेस्टने घासा. सल्ला एकच, आणि तो साऱ्या खड्यांना सरसकट. दिसायला सारखे असलेले खडे घडणीने मात्र फार भिन्न असतात. एकाला मानवणारे पाणी दुसऱ्याला कायमचे निस्तेज करते, आणि मावळलेली झळाळी कोणताही सराफ परत आणून देऊ शकत नाही.

दशवैकालिक सूत्रात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिलेले आहे. जिवाची ओळख नसेल तर त्याची जपणूक कशी होणार, हा त्यामागील विचार. अलंकारांच्या निगेलाही तोच क्रम लागू पडतो. आधी ओळख, मग पाणी.

जिल्ह्याच्या पोटातील खडे

ही ओळख करून घेण्यास अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची भूमी क्वचितच मिळेल. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून गारगोटी, अकीक, कॅल्साइट, स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट अशी खनिजे हळूहळू आकाराला आली. विहीर खोदताना वा खाणीत सुरुंग लावताना काळ्या पाषाणाच्या आत लखलखणारी ‘गार’ येथील शेतकऱ्यांना अपरिचित नाही. राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा या गावचे हिरवे अपोफिलाइट तर जगभरच्या खनिजसंग्राहकांना ठाऊक आहे. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे ‘गारगोटी’ हे खनिजांचे संग्रहालय उभे आहे. दख्खनच्या पोटातील ही सारी संपदा तेथे एकत्र पाहावयास मिळते.

या खनिजांत दोन स्वभाव स्पष्ट दिसतात. पहिला स्वभाव गारगोटीच्या कुळाचा. शुभ्र स्फटिक, अमेथिस्ट, गुलाबी स्फटिक आणि अकीक ही सारी सिलिकाची रूपे. मोह्स यांच्या १ ते १० या कठिनतेच्या मापावर स्फटिकाचे स्थान ७ आहे. तो पाण्यात विरघळत नाही आणि लिंबाच्या रसानेही त्याचे काही बिघडत नाही.

दुसरा स्वभाव झिओलाइट व त्यांच्या सोबत्यांचा. स्टिलबाइटची कठिनता ३.५ ते ४, अपोफिलाइटची ४.५ ते ५. यांच्या घडणीतच पाणी सामावलेले असते. १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने असा दगड तापविला, तेव्हा त्यातून वाफ निघू लागली. त्यावरून त्याने ग्रीक भाषेतून ‘झिओलाइट’ म्हणजे ‘उकळणारा दगड’ हे नाव घडविले. ‘अपोफिलाइट’ या नावातही तापल्यावर पापुद्रे सुटण्याचा अर्थ दडलेला आहे. ज्याच्या नावातच उष्णतेविषयीचा इशारा आहे, त्याला गरम पाण्यात बुडविणे किंवा उन्हात तापविणे म्हणजे त्याचे तेज आपल्याच हाताने घालविणे होय.

पाणी कोणते?

काळ्या पाषाणातून झिरपून येणारे विहिरीचे वा बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार मण्यांवर पांढुरकी साय धरतात, आणि कितीही पुसले तरी माळ धुरकट दिसते. अशा पाण्यात साबण वापरला तर चिकट मळी तयार होऊन मण्यांच्या भोकांत आणि चांदीच्या टोप्यांत अडकते.

या अडचणीवरचा उपाय जैन घराच्या स्वयंपाकघरात आधीपासूनच आहे : गाळलेले, उकळून निवविलेले पाणी. पाणी उकळले की त्यातील चुनखडीचा बराचसा अंश वेगळा होतो. पातेल्याच्या तळाशी धरणारा पांढरा थर तो हाच. पाणी निवळू देऊन वरचे तेवढे गाळून घेतले, तर खड्यांसाठी ते नळाच्या जड पाण्यापेक्षा पुष्कळच चांगले ठरते. जीवरक्षेसाठी पाळलेला नियम अलंकारांनाही असा उपकारक होतो. मात्र पाणी पूर्ण निवलेले असावे. थंड खड्यावर एकदम गरम पाणी पडले तर आतील बारीक भेग वाढून कणखर स्फटिकही तडकू शकतो.

स्फटिकाची माळ धुताना

स्फटिकाच्या माळेला वाटीभर पाणी पुरते. त्यात रिठ्याचे थोडे पाणी मिसळावे. माळ हातात धरून मुलांच्या मऊ ब्रशने मण्यांच्या भोकांजवळचा भाग हलकेच साफ करावा, कारण घाम, तेल आणि चंदनाचा लेप तेथेच साठतो. मग स्वच्छ पाण्यातून काढून सुती कापडावर सावलीत सुकू द्यावी. हे काम दिवसाउजेडी करावे आणि पाणी भरून ठेवू नये, म्हणजे जयणाही पाळली जाते आणि धागाही फार वेळ ओला राहत नाही. रोजच्या वापरातील माळेला महिन्यातून एकदा एवढे पुरे. इतर दिवशी जपानंतर मऊ सुती कापडाने पुसून ठेवली तरी चालते.

मण्यांवर पूर्वीच साय धरली असेल तर लिंबाच्या रसाचे दोन थेंब ती काढतात. पण दोन गोष्टींची खात्री हवी. मणी खरोखर स्फटिकाचेच असावेत, आणि ते धाग्यातून व धातूपासून सोडविलेले असावेत. शेजारी मोती, पोवळे किंवा कॅल्साइट असेल तर हाच रस त्यांना खातो.

ज्यांना बुडवू नये असे अलंकार

मारवाडी लग्नघरांत मिरविणारे कुंदनाचे दागिने कधीही पाण्यात बुडवू नयेत. त्यांत खड्यामागे चकाकीसाठी पातळ वर्ख असतो आणि पोकळीत लाख भरलेली असते. फटीतून पाणी शिरले की वर्ख काळवंडतो, आणि उष्णतेने लाख मऊ पडून खडा हलू लागतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकावी आणि किंचित दमट कापडाने केवळ वरचा भाग पुसावा, एवढीच त्यांची सेवा.

स्टिलबाइट, अपोफिलाइट, मॅलाकाइट आणि फिरोजा यांनाही भिजत घालू नये. मोती व पोवळे प्राणिज असल्याने अनेक कुटुंबे ते नव्याने घेत नाहीत. परंतु वारशाने आलेले असतील तर दमट कापडाने पुसून लगेच कोरडे करावेत. सराफाकडील कंपनाच्या यंत्रात यांपैकी काहीही देऊ नये. मऊ खडे कोरड्या पदराने पुसण्याची सवयही सोडावी. घरातील धुळीत वाळूचे सूक्ष्म कण असतात, आणि वाळू म्हणजे बहुतांशी गारगोटीच. ४ कठिनतेच्या खड्यावर ७ कठिनतेचा कण फिरला की ओरखडा ठरलेलाच. म्हणून धूळ आधी ब्रशने झटकावी आणि मगच पुसावे. रांगोळी, राख आणि टूथपेस्ट वर्ज्य समजावीत.

मीठ, ऊन आणि श्रद्धा

मिठाच्या पाण्याने खड्यातील अशुभ निघून जाते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात मीठ चांदी-पितळेला खाते आणि सच्छिद्र खड्यांच्या भेगांत शिरून तेथे पुन्हा कण धरते, त्यामुळे भेगा रुंदावतात. कच्चे मीठ स्वतः पृथ्वीकाय आहे, हेही श्रावकाच्या ध्यानात असावे. कडक उन्हात फार काळ ठेवलेल्या अमेथिस्टचा जांभळा रंग फिका पडतो. गुलाबी स्फटिकाचेही तसे होऊ शकते. खिडकीत ठेवलेला स्फटिकाचा गोळा सूर्यकिरण एका बिंदूवर एकवटून कापड वा कागद पेटवू शकतो. चांदण्याने मात्र खड्याचे काही बिघडत नाही.

राहिला प्रश्न फळाचा. उत्तराध्ययन सूत्राच्या ३६ व्या अध्ययनात पृथ्वीकायाच्या भेदांत स्फटिकादी रत्नांची गणना आहे. जो स्वतः जीवसृष्टीचा एक भाग मानला गेला, त्याच्याकडून कर्माचा लेखा पालटण्याची अपेक्षा धरणे सिद्धांताशी जुळत नाही. माळ हे चित्त स्थिर करण्याचे साधन आहे. जपाचे फळ भावात असते; माळेची स्वच्छता हा त्या साधनाचा आदर आहे. जमिनीतून एकदा काढलेली वस्तू जपून पिढ्यान्‌पिढ्या वापरणे आणि नव्याचा हव्यास टाळणे, यात अपरिग्रहही साधतो.

धागा जपला तर माळ जपली

प्रवरेकाठी नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५० च्या दशकात उत्खनन झाले. तेथे ताम्रपाषाण काळातील एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ आढळली, आणि मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष टिकून होते. अशी उदाहरणे विरळाच. एरवी मणी उरतात आणि धागा आधी जातो. घरातील माळेचेही तेच. खडे फुटण्यापेक्षा धागा तुटून विखुरण्यानेच माळा अधिक गमावल्या जातात.

स्फटिकाच्या भोकाच्या कडा धारदार असतात आणि धागा तेथेच झिजतो. तो मळका, सैल वा तंतू सुटलेला दिसला की पटवेकऱ्याकडून माळ पुन्हा ओवून घ्यावी. रोजच्या वापरात वर्षातून एकदा तरी ही तपासणी व्हावी. रेशमाऐवजी पक्का सुती वा नायलॉनचा धागा मागावा, आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ घ्यावयास सांगावे. गाठीमुळे मणी एकमेकांवर घासत नाहीत, आणि धागा तुटलाच तर एखादाच मणी निसटतो. प्रत्येक अलंकार मलमलीच्या वेगळ्या पिशवीत ठेवावा. स्फटिक आणि मोती एका डबीत खुळखुळत असतील तर झीज मोत्याच्या वाट्याला येते.

दुकानाच्या दोन्ही बाजूंना

ओळखीचा हा प्रश्न विकत घेणाऱ्यापुरता नाही. तो विकणाऱ्याचाही आहे. बाजारात ‘क्रिस्टल’ म्हणून मिळणारे पुष्कळसे चमकदार मणी ही पैलू पाडलेली काच असते. ‘चेरी क्वार्ट्झ’ या नावाने विकला जाणारा लालसर खडाही काचच. घरच्या घरी काही खुणा पाहता येतात. स्फटिक स्पर्शाला थंड लागतो आणि हातात काचेपेक्षा उशिरा गरम होतो. काचेत कधी कधी गोल बुडबुडे दिसतात. कागदावर बारीक रेघ ओढून ती स्फटिकाच्या मोठ्या गोळ्यातून पाहिली आणि गोळा हळूहळू फिरविला, तर काही दिशांना रेघ दुहेरी दिसते. काचेतून ती नेहमी एकेरीच दिसते. ओल्या कापसाने पुसताना रंग उतरला तर खडा रंगविलेला आहे, हे उघड. किमती वस्तूसाठी मात्र या खुणांवर न थांबता रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घेणेच योग्य.

काच विकणे हा दोष नाही. काच स्फटिक म्हणून विकणे हा दोष आहे. श्रावकाच्या अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली माल देणे, स्पष्टपणे सांगितलेला आहे. सराफ बाजारातील पेढी असो वा तालुक्याच्या गावातील लहान दुकान, पावतीवर खड्याचे खरे नाव आणि सोबत त्याच्या निगेची दोन वाक्ये लिहून देणारा व्यापारी ग्राहकाच्या पुढच्या पिढीचाही विश्वास मिळवितो. ‘हा खडा भिजवू नये’ एवढी एक ओळ वेळीच लिहिली गेली, तर एखाद्या घरची सून सासूबाईंचे कुंदन पाण्यात बुडविण्याआधी थांबेल.

पर्युषणाच्या आधी घराघरांत आवराआवर होते. त्या वेळी एक दुपार या डबीसाठी काढावी. प्रत्येक अलंकाराचे नाव, खडा आणि निगा यांची चिठ्ठी लिहून त्याच्याच पिशवीत ठेवावी. आजीला ठाऊक असलेली ही माहिती अनेकदा आजीबरोबरच जाते. चिठ्ठी राहिली तर माळ ज्या हातात जाईल, त्या हातात तिची ओळखही जाईल.