विहिरीतला हंसराज अंगणात

आर्वीच्या उन्हात नेचे जगत नाहीत, असे पुष्कळांना वाटते. परंतु जुन्या विहिरीच्या ओल्या, सावलीतल्या फटींत हंसराज आपोआप उगवतो. त्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या दुमडलेल्या कडेखालील बीजाणूंपासून त्याचा वंश वाढतो. पानाचे टोक ओल्या मातीला टेकले तर तेथेही मुळे फुटून नवे रोप होते. पावसाळ्यात असे एखादेच रोप आणावे, सबंध ठोंब उपटू नये. घराच्या उत्तरेची, माठाचे पाणी ठिबकणारी जागा उत्तम. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून तीत विटांचे तुकडे, वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळावा. न्हाणीचे साबणाचे पाणी मात्र नको. उन्हाळ्यात पाने वाळतात. आम्ही पहिल्या वर्षी मेले समजून उपटून फेकले. मातीतले मूळखोड जिवंतच होते.