ट्रॅक्टरच्या पोटात पाणी

दोस्तांनो, द्राक्षं तर तुम्ही मिटक्या मारत खाता. पण द्राक्षबागेतला ट्रॅक्टर कधी नीट पाहिलाय? निफाडच्या बाजूला गेलात तर मुद्दाम पाहा. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या धिप्पाड ट्रॅक्टरांपुढे हा अगदी शेंडेफळ वाटतो. ताकद पंधरा ते तीस अश्वशक्तीच्या आसपास. पण वेलींच्या दोन ओळींत जागा आठ-नऊ फुटांची, वर मांडवाच्या तारा. तिथे पैलवान काय कामाचा? तिथे हा बुटकाच हवा!

माझ्या मामांकडे असा एक आहे. त्याचीच ही गोष्ट.

ऑक्टोबरची छाटणी झाली होती. वेलींना कोवळी फूट आली होती आणि नेमका दोन दिवस पाऊस लागला. अशा ओल्या, ढगाळ हवेत ‘केवडा’ नावाचा रोग येतो. (नाव किती सुवासिक, नाही? पण शेतकऱ्याच्या अंगावर काटा येतो.) पानाखाली पांढरी बुरशी धरते, कोवळे घड वाळतात. वेळेवर फवारणी हाच उपाय. मामांनी पहाटेच ट्रॅक्टरला ब्लोअर जोडला. तीन ओळी झाल्या, चौथीत ट्रॅक्टर खोकला, धापा टाकू लागला आणि बंद पडला.

शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर मागावेत, तर ज्याचा त्याचा आपापल्या बागेत. सोसायटीचं कर्ज याच पिकावर काढलेलं. मामा बांधावर बसून राहिले. कुणाशी एक शब्द बोलले नाहीत.

दुपारी मिस्त्री आला. त्यानं डिझेल फिल्टरखालचं काचेचं भांडं काढून उन्हात धरलं. वर पिवळसर डिझेल, खाली दोन बोटं स्वच्छ पाणी! पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी. पण ते आलं कुठून? अंगणातल्या डिझेलच्या ड्रमचं बूच सैल राहिलं होतं. पाऊस आत, तिथून टाकीत, टाकीतून फिल्टरात. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, घरचीच होती.

पाण्यानं एवढं काय बिघडतं? डिझेल इंजिनात ठिणगी पाडायला प्लग नसतो. हवा जोरात दाबली की ती तापते आणि तिच्यात बारीक फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तो फवारा करणारे पंपाचे आणि नोझलचे भाग इतके नाजूक, की त्यांना वंगण म्हणूनही डिझेलच लागतं. पाणी गेलं की गंज चढतो. मिस्त्रीनं टाकीतलं पाणीही तळाचा बोल्ट काढून सोडून दिलं, नाहीतर तासाभरात पुन्हा तोच तमाशा! मग नवा फिल्टर बसवला.

तरी ट्रॅक्टर चालू होईना. ‘हवा धरली,’ मिस्त्री म्हणाला. याचा एक प्रयोग तुम्ही घरी करा. सुई नसलेली नवी पिचकारी घ्या, तोंडावर बोट ठेवून दांडा दाबा. आत हवा असेल तर दांडा बराच आत जातो. आता पाणी भरून दाबा. हलतो का? नाही. नळीत हवेचा बुडबुडा असला तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो, फवारा उडतच नाही. म्हणून फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. तेव्हाच स्क्रू आवळायचा.

दोन वाजता ट्रॅक्टर सुरू झाला. अंधार पडेपर्यंत अर्धी बाग झाली, उरलेली दुसऱ्या दिवशी. त्या उरलेल्या बागेतल्या खालच्या ओळींत केवडा शिरलाच. तिथले घड गेले.

दिवाळीत मी पुन्हा गेलो, तर अंगणात वेगळंच दृश्य. सातवीतला नातू हातात वही घेऊन उभा आणि मामा ट्रॅक्टरखाली!

‘आजोबा, काडी पुसून परत घालायची ना?’

‘हो रे राजा. पुसल्याशिवाय वाचशील तर चुकशील.’

ही काडी म्हणजे इंजिन ऑईल मोजायची पट्टी. ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ झालेला. म्हणजे तेल खाली उतरतं. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. तेल काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेलची काजळी पोटात धरून ठेवणं हेही त्याचं कामच आहे. ते बदलायचं रंगावर नाही, तासांवर! ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं, कारण ब्लोअर चालवताना चाकं मुंगीच्या पावलानं जातात, पण इंजिन जोरात फिरत असतं. नव्या ट्रॅक्टरचं तेल बहुधा पहिल्या ५० तासांनी आणि पुढे अडीचशेच्या आसपास बदलतात. नक्की आकडा त्याच्या पुस्तिकेत. (ती पुस्तिका बऱ्याच घरांत कपाटावर धूळ खात असते. आधी ती शोधा!)

इंजिन पाच मिनिटं चालवून तेल कोमट केलं की ते सरसर वाहतं. मामांनी किल्ली खिशात टाकली, हँडब्रेक ओढला आणि मगच खालचा बोल्ट सोडला. हे काम मोठ्यांचं बरं का! नवा ऑईल फिल्टर बसवताना त्याच्या रबरी कड्याला तेलाचं बोट लावायचं आणि हातानंच आवळायचं. मग तेल भरून, इंजिन क्षणभर चालवून, थोडं थांबून पुन्हा काडी पाहायची; कारण नवा फिल्टर थोडं तेल पिऊन टाकतो.

या फिल्टरची एक गंमत सांगतो. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी तेल गाळायचं साधन तयार केलं. नाव ठेवलं ‘प्युरोलेटर’. म्हणजे काय? ‘प्युअर ऑईल लेटर’, थोड्या वेळानं शुद्ध तेल!

आता हवा. एक लिटर डिझेल जाळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते. बागेतल्या धुळीतून एवढी हवा ओढायची! आणि वाळूचा कण लोखंडापेक्षाही कठीण. आत गेला की इंजिन आतून घासून काढतो. म्हणून एअर फिल्टर. कागदी फिल्टर दगडावर आपटायचा नाही, धुवायचा नाही. आतून बाहेर हलकी हवा मारायची. नातवाचं आवडतं काम त्यापुढचं: खोलीत अंधार करून फिल्टरच्या आत बॅटरी धरायची. कुठे प्रकाशाचा ठिपका चमकला, की कागद फाटलाय. फिल्टर बाद!

रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना कुणीही उघडू नका, अगदी मोठ्यांनीसुद्धा. आत दाब असल्यानं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि उकळतं पाणी तोंडावर उसळतं. विहिरीचं पाणीही त्यात नको. पातेल्यात बसते तशी पांढरी खपली तिथेही बसते. मागचे हात उचलणारं हायड्रॉलिकचं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय असं समजा.

जुनं तेल मामा पूर्वी मांडवाच्या लाकडी डांबांना फासत, वाळवीसाठी. आता ते डब्यात भरून ठेवतात. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं; ते परवाना असलेल्या पुनर्वापरवाल्याकडेच द्यायचं. ‘एवढ्याशा तेलानं काय होतंय?’ असं मामा कुरकुरले होते. मग नातवानं विहिरीकडे बोट दाखवलं आणि ते गप्प झाले.

निघताना मी त्याची वही चाळली. शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानं. शेवटची नोंद अशी होती:

‘तास ४१२. ऑईल वरच्या खुणेला. भांड्यात पाणी नाही. ड्रमचं बूच दोनदा पाहिलं.’