सातपुड्याचा आदिवासी अतिक्रमणदार कसा?

काही वर्षांपूर्वी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांचे कागद भरून देण्यासाठी आम्ही तिघे-चौघे कार्यकर्ते गेलो होतो. दिवसभर अर्ज लिहून बोटे दुखत होती. संध्याकाळी एका म्हातारीने घराच्या वाशामागून मेणकापडाची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तिची पावरी बोली तिचा नातू मराठीत सांगत होता. पुडीत पिवळ्या पडलेल्या पावत्या होत्या. जंगलाची जमीन कसली म्हणून वनखात्याने तिच्या नवऱ्याला वेळोवेळी केलेल्या दंडाच्या त्या पावत्या!

“आजी विचारते, हे जाळून टाकू का? हे सापडले तर आम्ही चोर ठरू,” नातू म्हणाला.

मी म्हणालो, “आजी, जाळू नका. हीच तुमची जमीन आहे.”

आयुष्यभर फायलींत वावरलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला त्या दिवशी कागदाची खरी किंमत कळली. ज्या वर्षाची पावती, त्या वर्षी तो माणूस त्या जमिनीवर नांगर धरून उभा होता, हे खुद्द सरकारनेच लिहून दिले होते. शिक्षेचा कागद हक्काचा पुरावा झाला.

जंगल आधी की कायदा आधी?

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेनुसार येथील सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातीचे आहेत. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, धानका ही येथील माणसे. त्यांच्या पिढ्या सातपुड्यात गेल्या. इंग्रजांनी 1865 आणि 1878 साली जंगलाचे कायदे केले आणि जंगल सरकारजमा झाले. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारा माणूस एका रात्रीत परका ठरला. इंग्रज गेले, पण 1927 चा वन कायदा राहिला आणि ‘अतिक्रमणदार’ हा शब्दही राहिला.

वाचकहो, हा शब्द आपल्याला अनोळखी नाही. गावाबाहेरच्या गायरानावर दोन-चार एकर कसणाऱ्या आपल्या माणसालाही हेच नाव मिळाले. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, खानदेशातून आणि साऱ्या महाराष्ट्रातून आयाबहिणी कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या, त्या कशासाठी? पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी म्हणून! अगदी 2022 साली गायरानावरील घरांना नोटिसा आल्या, तेव्हा आपल्या वस्त्यांतही झोप उडाली होती. म्हणून सातपुड्याचा प्रश्न हा ‘त्यांचा’ प्रश्न म्हणून आपल्याला बाजूला ठेवता येणार नाही.

दोन लढे

या जिल्ह्याने दोन मोठे लढे पाहिले. शहादे-तळोद्याच्या सपाटीवर सावकारी आणि फसवणुकीने आदिवासींच्या जमिनी गेल्या आणि मालक आपल्याच शेतात सालदार झाला. अंबरसिंग सुरतवंती यांनी त्यांना उभे केले. 1972 साली भूमुक्तीची हाक दिली गेली, श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनी परत मिळू लागल्या. पुढे 1974 साली राज्याने कायदा केला. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सहजासहजी घेता येणार नाही, आणि 1957 ते 1974 या काळात गेलेली जमीन परत मागता येईल, अशी तरतूद झाली.

दुसरा लढा नर्मदेकाठचा. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. नर्मदा लवादाने 1979 साली आधी पुनर्वसन, मग बुडित असे सांगितले होते. प्रत्यक्षात 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले, तेव्हा माणसे घरे सोडायला तयार नव्हती. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाने हा आवाज जगापर्यंत नेला. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992 साली पुनर्वसनातील दोष दाखवले आणि 1993 साली बँकेचे कर्ज थांबले. धरण मात्र थांबले नाही. 2017 साली त्याचे दरवाजे बंद झाले.

कायद्याने काय दिले?

2006 साली वनहक्क कायदा झाला. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्या कायद्याने उघडपणे मान्य केले. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत होते, ती 4 हेक्टरच्या मर्यादेत त्याच्या नावे व्हावी, असे ठरले. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो वारसांना जातो, पण विकता येत नाही. भगिनींनो, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या किती बायकांना नवऱ्यामागे घर सोडावे लागते, ते आठवा, म्हणजे या तरतुदीचे मोल कळेल.

जंगलावर जगणाऱ्या इतर समाजांनाही दावा करता येतो. मात्र त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. ज्यांना शाळेचे दारही बंद होते, त्यांनी 75 वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कोठून? ही अट जाचक आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

दावा आधी ग्रामसभेत, मग प्रांतांच्या समितीकडे, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जातो. निकाल लागेपर्यंत कोणालाही जमिनीवरून उठवता येत नाही. तरीही 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. देशभर आवाज उठला आणि 28 फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने तो आदेश थोपवला. दावे नीट तपासून फेटाळले होते काय, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरावर 2013 साली 12 ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, तेव्हा ग्रामसभेचे बळ साऱ्या देशाने पाहिले होते.

आपण काय करावे?

मोर्चाला जावे, हे तर खरेच. परंतु माझा अनुभव असा की, दावा बहुतेक वेळा कागदावर हरतो. पुराव्याची चिठ्ठी राहते, सही राहते, आणि फेटाळल्याची नोटीस वाचून दाखवणारा कोणी नसतो. तिच्याविरुद्ध 60 दिवसांत अपील करता येते, पण दिवस मोजणारा कोण? केवळ कागदी पुरावाच लागतो असेही नाही. जुनी विहीर, शेताचा बांध, पूर्वजांची थडगी, गावातील वृद्धाचा लेखी जबाब, हेही नियमाने पुरावे आहेत. दावा फेटाळला तर त्याचे कारण लेखी मागावे.

आपल्या घरात आता शिकलेली मुले-मुली आहेत. बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते केवळ पगारासाठी नव्हे. नंदुरबार, शहादे, तळोदा येथील आपल्या तरुणांनी महिन्यातून एक रविवार एखाद्या पाड्यावर द्यावा, अर्ज लिहावेत, नोटिसा वाचाव्यात, तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. पैसा लागत नाही. बसभाडे आणि भाकरी पुरते.

त्या आजीच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून आम्ही दाव्याला जोडल्या. मूळ पावत्या तिने पुन्हा मेणकापडात गुंडाळल्या. मात्र या वेळी पुडी वाशामागे गेली नाही. तिने ती नातसुनेच्या हातात दिली. नातसून चौथी शिकलेली होती.