जावाचा तडा आणि चुलीतली राख

जुन्या जावाच्या सिलिंडरला तडा गेलाय असं कुणालाही सांगा, सल्ला एकच मिळतो: "टाक भंगारात, दुसरा बसव." सल्ला अगदीच चुकीचा नाही. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, त्यामुळे सिलिंडर बदलला तरी कागदपत्रांची भानगड होत नाही. पण आम्हाला जे जुने सिलिंडर दाखवले गेले, ते इतक्यांदा बोअर झालेले होते की पुढच्या बोअरला जागाच नव्हती. आजोबांच्या गाडीचा मात्र एकदाच बोअर झालेला. म्हणून दुरुस्तीचा विचार.

गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तिथे १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या, पुढे त्या येझदी नावाने निघाल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. इंजिन २५० सीसीचं, टू-स्ट्रोक. पिस्टनचा व्यास ६५ मिलिमीटर.

तडा होता तळाच्या कडेला, जिथे नट आवळून सिलिंडर क्रँककेसवर बसवतात. नट कमीजास्त आवळले गेले की ही कड तडकते. दिसायला केसाएवढी रेघ. "चालतंय की तेवढं," असं म्हणणारेही भेटले. पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून दाबलं जाऊन वर जातं. तळाला फट असेल तर तिथून जास्तीची हवा ओढली जाते. हवा वाढली की पेट्रोलचं प्रमाण घटतं, त्याच्यासोबत येणारं ऑइलही कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. चालत्या गाडीत पिस्टन धरला की मागचं चाक जागीच अडकतं. आईचं माहेर सावंतवाडी. बाबांना तिला मागे बसवून आंबोली घाटाने जाऊन यायचं होतं, आणि परतीच्या चढावर इंजिन किती तापतं हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे "चालतंय" हा पर्याय आमच्यासाठी नव्हता.

सगळेच तडे दुरुस्त करण्याजोगे नसतात. बाहेरच्या पंख्याचा तुकडा उडाला असेल तर बहुतेकदा तसाच सोडला तरी चालतं. तडा आत बोअरपर्यंत गेला असेल, त्यातही दोन पोर्टांमधल्या अरुंद पट्टीवर असेल, तर नवी स्लीव्ह ठोकून तिला पोर्टांच्या खिडक्या तंतोतंत कापाव्या लागतात. तिथे मी हात टेकले असते. आमचा तडा कुठे संपतो हे पाहायला मिस्त्रीकाकांनी जुनीच पद्धत वापरली: रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं, वर खडू घासला. तड्यात मुरलेलं रॉकेल खडूतून वर आलं आणि रेघ स्पष्ट दिसली. बोअरच्या अलीकडेच थांबली होती.

हे काका बेळगावात उद्यमबागेतले. किर्लोस्करवाडीला जाण्याआधी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवले ते याच गावात. आजही इथल्या फाउंड्र्यांमध्ये बीड, म्हणजे ओतीव लोखंड, रोज ओतलं जातं. ओतणारे भरपूर, पण तडकलेलं बीड सांधणारे हात आता थोडे उरलेत. काकांचा मुलगा सीएनसी मशीन चालवतो. "त्याचं बरं आहे, घाम येत नाही," असं काका म्हणतात. तक्रार की कौतुक, मला कळलं नाही.

बीड सांधणं अवघड का? त्यात शेकडा तीन-साडेतीन भाग कार्बन असतो, बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. हेच पापुद्रे घर्षण कमी करतात, आणि तडाही त्यांच्याच कडेने पळतो. शिवाय बीड वितळवून पटकन थंड केलं तर ते काचेसारखं कडक होतं आणि वेल्डिंगच्या शेजारीच नवा तडा जातो. म्हणून काकांनी वेल्डिंग न करता ब्रेझिंग केलं. बीड वितळायला ११५० अंशांच्या वर जावं लागतं, पितळी सळई ९०० च्या आसपासच वितळते. म्हणजे मूळ धातू न वितळवता सांधा भरतो. तडा सायलेन्सरच्या तोंडाशी असता तर पितळ चाललं नसतं, तिथली आच त्याला सोसत नाही.

खरं काम मात्र सांधण्याच्या आधीचं आणि नंतरचं. साठ वर्षांचं ऑइल बिडात मुरलेलं असतं, ते मंद आचेवर जाळून काढावं लागतं. तड्याच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग रेघेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच. अख्खा सिलिंडर कोळशाच्या भट्टीत सावकाश तापवला, टाकणखार लावून पितळ भरलं. हे उघड्यावर आणि वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करायचं, पितळातल्या जस्ताचा धूर वाईट. शेवटी सिलिंडर लाकडाच्या राखेत गाडून ठेवला. मी संध्याकाळी विचारलं, "काका, बघू का?" ते म्हणाले, "उद्या ये. आत्ता उकरलास तर परत तडकतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारीही तो कोमट होता. ऑफिसात आम्ही बिल्ड पंधरा मिनिटं अडकला तरी कुरकुरतो.

इतकी आच लागल्यावर बोअर गोल राहत नाही. वर, मध्ये आणि खाली, दोन-दोन दिशांना मोजलं तर तळाशी लंबगोल झालेला. तळाचा पृष्ठभाग लेथवर सपाट केला, पुढच्या ओव्हरसाइझला बोअर करून होनिंग केलं. पोर्टांच्या धारा हाताने मोडल्या, हे विसरलं तर पिस्टनच्या रिंगा तिथे अडकून तुटतात. जोडणी झाल्यावर पोर्ट बंद करून ६ पीएसआय हवा भरली, सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं. पाच मिनिटांत एक बुडबुडा नाही.

पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर तळाचे नट समोरासमोरच्या जोडीने पुन्हा आवळले. सांध्याची पितळी रेघ काळ्या रंगाने झाकता आली असती, पण बाबांनी ती तशीच ठेवायला सांगितली. सध्या ते चाळीसच्या पुढे जात नाहीत. सावंतवाडीचा बेत ५०० किलोमीटर झाल्यावर. घाट चढताना मध्ये दोनदा थांबायचं, हे आईने आधीच ठरवून टाकलंय.